रोज बरोबर १६७ नग का निघतात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही तपासता येईल. नाशिकला अंबडमध्ये तुमचं सीएनसी टर्निंगचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर धातूचे भाग कातण्याचं, युनिट आहे. माणसं ४६, त्यातली निम्मी कॉन्ट्रॅक्टवर. सव्वा वर्षापूर्वी तुम्ही इन्सेंटिव्ह सुरू केला: पाळीला १४० नगांचा नॉर्म (एवढे निघायलाच हवेत) आणि त्यावरच्या प्रत्येक नगाला दीड रुपया. दोन महिन्यांत लोक १७५ पर्यंत गेले. आता मात्र सगळे १६६-१६७ वर येऊन थांबतात आणि शेवटचा अर्धा तास मशीन पुसण्यात घालवतात. महिन्याचा उत्कृष्ट कामगार निवडून त्याचा फोटो लावलात, त्यानंही काही हललं नाही. एमबीए करणारा पुतण्या म्हणतो, मास्लोच्या गरजांच्या पिरॅमिडमध्ये ही माणसं खालच्या पायरीवर आहेत, त्यांना फक्त पैसा कळतो. सुपरवायझर म्हणतो, त्यांना पैसाही कळत नाही, मुळातच आळशी आहेत. आणि तुम्ही विचारता की मास्लो, हर्झबर्ग, मॅक्ग्रेगर यांपैकी कुणाचा प्रेरणेचा सिद्धांत लावू?

एवढ्या मोठ्या प्रश्नात एक वाक्य तुम्ही कंसात टाकलंय: मधे नॉर्म १६५ केला, कारण १७५ आरामात निघत होते. माझं बरंचसं उत्तर त्या कंसाबद्दलच आहे.

तुमचा शॉप मी पाहिलेला नाही. त्यामुळे काही गोष्टी गृहीत धरते. मालाची मागणी आहे, म्हणजे १६७ च्या जागी १८० नग निघाले तर ते विकले जातील. युनियन नाही. आणि पगार आसपासच्या युनिट्सपेक्षा फार कमी नाहीत. यातलं एकही चुकीचं असेल तर पुढचं सगळं बदलतं. विशेषतः पगार. शेजारचा गाळा दोन हजार जास्त देत असेल तर सिद्धांतांची चर्चा बाजूला ठेवा.

आता हिशोब. तुम्ही सायकल टाइम, जॉब लावणं-काढणं धरून, सव्वादोन मिनिटं लिहिलाय. आठ तासांच्या पाळीतून जेवणाचा अर्धा तास वजा केला की ४५० मिनिटं उरतात. म्हणजे कागदावर २०० नग. जुन्या नॉर्मवर १७५ काढणाऱ्याला ३५ नगांचे साडेबावन्न रुपये मिळत होते. नॉर्म १६५ झाल्यावर त्याच १७५ ला, तेवढाच घाम गाळून, १५ रुपये मिळू लागले. पूर्वीचे साडेबावन्न पुन्हा मिळवायचे तर २०० काढायला हवेत, म्हणजे पाळीभर चहा नाही, इन्सर्ट (कातणाऱ्या टूलचं बदलायचं पातं) बदलणं नाही, गेज लावून माप तपासणं नाही, लघवीला जाणं नाही. तुमच्या ऑपरेटरनं हा हिशोब पहिल्याच दिवशी, बहुधा चहाच्या टपरीवर, केलेला असणार. १६७ काढून तो तुम्हाला सांगतोय की नॉर्म पूर्ण झाला, तक्रारीला जागा नाही, आणि याहून जास्त मी तुम्हाला दाखवणार नाही. आळशी माणूस इतका नेमका आकडा रोज काढू शकत नाही. त्यासाठी मेहनत लागते.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. १९९६ साली मी भोसरीत टाइम ऑफिसला लागले, पुढे पर्सोनेलमध्ये गेले, आता बरीच वर्षं छोट्या युनिट्सना सल्ला देते. २००४ च्या सुमारास मी ज्या कारखान्यात होते तिथे आम्ही अगदी तुमचीच चूक केली. बुशच्या (धातूच्या छोट्या नळीसारख्या भागाच्या) लाइनवर लोक नॉर्मच्या कितीतरी वर जाऊ लागले, तेव्हा वरून विचारणा झाली की नॉर्म मुळातच ढिला होता का? स्टॉपवॉच घेऊन पुन्हा टाइम स्टडी झाला, नॉर्म वाढला आणि तो कागद माझ्या सहीनं बोर्डावर लागला. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, उलट कंपनीचे पैसे वाचवल्याचं समाधान होतं.

काही महिन्यांनी एका अपघाताच्या चौकशीसाठी मी दुसऱ्या पाळीला थांबले होते. रात्री पावणेअकराला लाइनवर गेले तर एका ऑपरेटरचं टूलचं लॉकर उघडं होतं. आत कॉटन वेस्टच्या गोळ्याखाली, तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेले अकरा बुश. चांगले, गेजवर मापात बसणारे. मी बघितलं हे त्यानं बघितलं. घाबरला नाही. म्हणाला, उद्या लाइट गेली तर लागतील. मी म्हटलं, मग आजच का नाही दाखवत, इन्सेंटिव्ह मिळेल की. तर म्हणाला, ‘मॅडम, आज दिले तर उद्यापासून रोज मागाल.’

नंतर कळलं की लाइनवरच्या जवळजवळ प्रत्येकाच्या लॉकरमध्ये अशी शिल्लक होती. कुणाकडे सात, कुणाकडे वीस. आम्ही ऑफिसात बसून प्रेरणा कशी वाढवायची यावर प्रशिक्षणवाले बोलावत होतो आणि खाली माणसं जास्तीचा माल काढून लपवून ठेवत होती.

हा अनुभव जगात पहिला नाही. मोटिव्हेशनच्या प्रत्येक व्याख्यानात हॉथॉर्नची गोष्ट असते. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा कारखाना, १९२४ पासूनचे प्रयोग, उजेड वाढवला तरी काम वाढलं, कमी केला तरी वाढलं, म्हणून लक्ष दिलं की माणूस खुलतो. गोष्ट इथेच संपवतात. पण त्याच कारखान्यात १९३१-३२ मध्ये बँक वायरिंग रूम म्हणून आणखी एक अभ्यास झाला, तो तुमच्या कामाचा आहे. टेलिफोन एक्स्चेंजच्या उपकरणांच्या तारा जोडणारे १४ पुरुष एका खोलीत बसवले आणि एक निरीक्षक कोपऱ्यात बसून फक्त बघत राहिला. या लोकांनी आपापसांत ठरवलेलं होतं की दिवसाला दोन उपकरणं म्हणजे पुरेसं काम. त्याच्या वर जाणाऱ्याला रेट-बस्टर म्हणायचे आणि दंडावर गुद्दा घालायचे. फार कमी काम करणाऱ्यालाही टोमणे. कारण विचारलं तर उत्तर एकच: जास्त काढलं तर रेट कापतील, नाहीतर कुणाची तरी नोकरी जाईल. मंदीचा काळ होता, भीती खोटी म्हणता येणार नाही.

त्याही आधीचं सांगते. फ्रेडरिक टेलर, ज्याच्या नावानं स्टॉपवॉच आणि कामगारांची पिळवणूक ओळखली जाते, त्यानंही हे लिहून ठेवलंय. मुद्दाम रेंगाळण्याचं एक मोठं कारण म्हणून त्यानं मालकांकडेच बोट दाखवलं: माणूस जास्त कमवायला लागला की मालक दर कापतो, आणि एकदा दर कापला गेला की तो माणूस पुन्हा कधी खरा वेग दाखवत नाही. १९११ च्या त्याच्या पुस्तकातला हा मुद्दा आपले व्यवस्थापनवाले सोयीस्करपणे गाळतात.

मग तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, कोणता सिद्धांत? हे सिद्धांत एकाच रोगावरची वेगवेगळी औषधं नाहीत. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा व्हिक्टर व्रूम, १९६४ चा, आणि त्याचं नाव तुमच्या यादीतच नाही. त्याचं म्हणणं आपल्या भाषेत असं: काम करण्याआधी माणूस मनात तीन गोष्टी विचारतो. मला हे जमेल का? जमलं तर कबूल केलेलं मिळेल का? आणि जे मिळेल ते मला हवंय का? या तिघांचा गुणाकार होतो, बेरीज नाही. एक जरी शून्य असलं तरी उत्तर शून्य.

तुमच्याकडे तिसऱ्याचं उत्तर होय आहे. दीड रुपया त्यांना हवा होता, नाहीतर दोन महिन्यांत १७५ झाले नसते. दुसरं उत्तर तुम्ही नॉर्म वाढवलात त्या दिवशी नाहीवर गेलं. आणि पहिल्याबद्दल मला दाट शंका आहे. तुम्हीच लिहिलंय की इन्सर्ट स्टोअरमधून सुपरवायझरच्या सहीशिवाय मिळत नाही आणि तो अनेकदा डिस्पॅचला असतो. म्हणजे ऑपरेटरनं मनात आणलं तरी वीस मिनिटं सहीची वाट बघण्यात जातात. ती वीस मिनिटं कुठल्या कागदावर येतात? तुमच्याकडे तासागणिक उत्पादनाचं शीट असेल तर गेल्या पंधरा दिवसांची काढा आणि मशीन का थांबलं होतं ते बघा. ऑपरेटरच्या हातात नसलेली कारणं (कातायला सळईचा माल नाही, मशीन लावून देणारा सेटर नाही, इन्स्पेक्शन बाकी, वीज) निम्म्याहून जास्त निघाली तर मला नवल वाटणार नाही.

आणखी एक. इन्सेंटिव्ह दोन महिन्यांनी, पगाराच्या स्लिपवर ‘इतर’ या रकान्यात येतो असंही तुम्ही लिहिलंय. ‘इतर’! ज्या पैशासाठी एवढा खटाटोप, त्याला स्वतःचं नाव नाही, आणि किती नगांचे किती हे कुणालाच ताडून बघता येत नाही. किमान बोनस ८.३३ टक्के तर कायद्यानंच द्यावा लागतो, तो माणूस हक्काचा धरतो. हा पैसा वेगळा आहे, माझ्या हातानं आलाय, हे त्याला दिसलं पाहिजे ना?

आता कॉन्ट्रॅक्टच्या पोरांबद्दल, ज्यांचा उल्लेख तुम्ही ‘त्यांना अर्थात इन्सेंटिव्ह नाही’ असा केलाय. त्या ‘अर्थात’वर मी जरा अडखळले. स्टेसी ॲडम्सनं १९६० च्या दशकात इक्विटीचा सिद्धांत मांडला. माणूस स्वतःला काय मिळालं एवढंच बघत नाही. मी किती घातलं आणि मला किती मिळालं हे तो शेजारच्याशी ताडतो. प्रमाण बिघडलं की तो स्वतःच दुरुस्ती करतो, आणि सगळ्यात सोपी दुरुस्ती म्हणजे आपण घालतो ते कमी करणं. एका युनिटमध्ये मी बघितलंय: कायम ऑपरेटरला वर्षाला सेफ्टी शूज मिळायचे, शेजारच्या मशीनवरच्या कॉन्ट्रॅक्टच्या मुलाला नाही. तो घरचे स्पोर्ट्स शूज घालायचा, तळवा कूलंटनं भिजून फुगलेला. काम तेच, मशीन तेच. त्या मुलाच्या मशीनचं रिजेक्शन जास्त होतं आणि मालक मला विचारत होते की याला क्वालिटीच्या ट्रेनिंगला पाठवू का. मी म्हटलं, आधी बूट द्या. कायद्याच्या आणि सुरक्षेच्या दृष्टीनंही ते आधीच द्यायला हवे होते.

तुमच्याकडे आणखी एक गोष्ट घडत असणार. मशीन कायम ऑपरेटरचं असलं तरी डिबरिंग म्हणजे नगाच्या कडेची बर काढणं, ट्रॉली ओढणं ही कामं कॉन्ट्रॅक्टची मुलं करतात. त्यांना १६७ काय आणि १८० काय, त्यांच्या खिशात फरक नाही, फक्त कमरेत आहे. ते हळू चालले की ऑपरेटर आपोआप हळू.

पुतण्याच्या मास्लोबद्दल थोडं. मास्लोनं १९४३ च्या लेखात गरजांची उतरंड मांडली, पण पिरॅमिड त्यानं काढलेला नाही, तो नंतरच्या व्यवस्थापनवाल्यांनी काढला. आणि खालची गरज पुरती भागल्याशिवाय वरची जागीच होत नाही असं कडक त्यानं म्हटलेलंही नाही. आमच्या त्या बुशच्या लाइनवरचाच एक ऑपरेटर त्याच्या गणेश मंडळाचा खजिनदार होता. दहा दिवस रात्री दोन-दोनपर्यंत मंडपात, एक पैसा न घेता, आणि विसर्जनानंतर आठवड्यात अडीच-तीन लाखांचा जमाखर्च शेवटच्या रुपयापर्यंत फळ्यावर. हाच माणूस कारखान्यात पंधरा मिनिटं जास्त थांबायला तयार नसे. कारखान्यात त्याला दोनशे रुपयांचं ड्रिल स्वतःच्या सहीनं काढता येत नव्हतं. त्याला खालच्या पायरीवरचा म्हणायचं का? हॅकमन आणि ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात कामाची रचना हाच विषय घेतला: कामात विविधता आहे का, पूर्ण वस्तू आपल्या हातून होते का, तिचं महत्त्व कळतं का, निर्णय आपला आहे का, आणि काम कसं झालं ते लगेच कळतं का. मंडळात या पाचही गोष्टी होत्या.

हर्झबर्गची मदत तुम्हाला होईल, पण मर्यादित. पगार, पंखा, संडास, सुपरवायझरची वागणूक ही त्याच्या मते मिठासारखी: असली तर कुणी वाखाणत नाही, नसली तर पहिल्या घासाला कळतं. मन लागतं ते कामातल्या यशानं, जबाबदारीनं, कुणीतरी दखल घेतल्यानं. फक्त लक्षात ठेवा की १९५९ च्या त्याच्या अभ्यासातले दोनशेच्या आसपास लोक पिट्सबर्ग परिसरातले इंजिनिअर आणि अकाउंटंट होते, लेथवरचे ऑपरेटर नव्हते. शिवाय चांगलं झालं की श्रेय स्वतःला आणि वाईट झालं की दोष कंपनीला, ही सवय आपल्या सगळ्यांचीच, मुलाखतीत तसंच उतरणार. तुमच्या डिझाइनच्या दोन मुलांसाठी हर्झबर्ग वाचा. शॉपसाठी त्यातलं मीठ तेवढं घ्या.

मॅक्ग्रेगर तुमच्या सुपरवायझरसाठी. माणूस मुळात कामचुकार असतो असं धरून चाललं की तुम्ही सही, पहारा, दंड वाढवता. मग माणूस खरंच कामचुकार होतो आणि तुम्ही म्हणता, बघा, मी सांगत होतो. या गृहीतकालाच तो थिअरी एक्स म्हणतो, आणि त्याचं खरं म्हणणं एवढंच आहे.

फोटोचं काय? गुपचूप बंद करा. ज्याचा फोटो लागतो त्याला लाइनवर काय ऐकावं लागतं याची चौकशी केलीत का? माझ्या माहितीतल्या एका मुलानं स्वतः येऊन फोटो काढायला लावला होता, कारण त्यानंतर सेटर त्याच्या मशीनला मुद्दाम शेवटी यायचा. गुद्द्याचीच ही आपली आवृत्ती.

आता करायचं काय, तेही खर्चासकट. नॉर्म १४० वर परत आणा. हो, मालक म्हणून हे गिळायला जड आहे, पण हिशोब करा. तुमचा मशीन-अवर रेट, म्हणजे मशीनच्या एका तासाची किंमत, ३५० रुपये धरला तर ३५ जास्तीचे नग म्हणजे जवळजवळ ७९ मिनिटं, म्हणजे ४६० रुपयांच्या आसपासचा मशीनचा वेळ. त्याचे तुम्ही साडेबावन्न देताय. ‘१७५ आरामात निघत होते’ याचा तुम्हाला राग आला होता की तोटा झाला होता, हे स्वतःला एकदा विचारा.

परत आणताना मराठीत कागद काढा, तुमच्या सहीनं: मशीन, टूलिंग, फिक्श्चर, मटेरियल किंवा ड्रॉइंग बदललं तरच नॉर्म बदलेल, आणि तेव्हाही बदललेल्या कामापुरता, दोन ऑपरेटरसमोर वेळ मोजून. माणूस जास्त कमावतो हे कारण चालणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहा. युनियन असलेल्या कारखान्यांच्या करारात असं कलम आम्ही घालतो. तुमच्याकडे कुणी मागितलेलं नसताना घातलंत तर त्याचं वजन जास्त.

इन्सेंटिव्ह फक्त ओके नगांवर, नाहीतर महिन्याभरात रिवर्कची ट्रॉली भरेल. ऑपरेटरच्या हातात नसलेला थांबा पाळीच्या वेळेतून वजा. इन्सर्टची सही बंद करा. मशीनवर चार-पाच इन्सर्ट आधीच ठेवा, जुना दिला की नवा मिळेल. महिन्याचा हिशोब त्याच महिन्याच्या पगारात, स्वतःच्या नावाच्या रकान्यात.

आणि शक्य असेल तर माणूसवार इन्सेंटिव्हऐवजी तीन-चार मशीनचा एक गट करा, त्यात सेटर, डिबरिंगवाले, कॉन्ट्रॅक्टचे सगळे. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटच्या ए. के. राइस यांनी विणकाम खात्यात असंच केलं होतं. आधी प्रत्येकजण आपल्या एकेका कामाला बांधलेला, नंतर मागांचा एक संच एका छोट्या गटाच्या ताब्यात. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. पण गट केला की सगळं आपोआप जमतं असं समजू नका. बँक वायरिंग रूमचे ते १४ जणही गटाच्या दरावरच होते. दरावर भरवसा नसेल तर गट एकत्र येऊन काम वाढवत नाही, एकत्र येऊन थांबतो.

पहिले दोन-तीन महिने आकडा फारसा हलणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. एकदा नॉर्म वाढलेला त्यांनी बघितलाय. कुणीतरी एकजण १८५ काढून बघेल, आणि बाकीचे तुम्ही काय करता ते बघत राहतील. त्या महिन्यात सुपरवायझरला तोंड बंद ठेवायला सांगा. आमच्याकडे जुना नॉर्म परत आणल्यावर सहा-सात महिने गेले, आणि त्यातही जुन्या दोन-तीन ऑपरेटरनी शेवटपर्यंत लॉकरमधली शिल्लक मोडली नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही.

कागदाचा मसुदा झाला की मला दाखवा. ‘व्यवस्थापनाच्या निर्णयाधीन’ असे शब्द त्यात कुठे दिसले तर आधी ते खोडणार आहे.